दारापुढचा बांध

कामिसावा,
१७ नोव्हेंबर

इसाओ,

संत्र्यांची पेटी पोचली. एवढी संत्री एकटीने खायला मी काय माकड आहे का? अर्धी पोस्टमनच्या गळ्यात मारली. तो बिचारा इतक्या वर चढून येतो आणि दर वेळी तुझंच पत्र आणतो.

फोन मात्र करत जाऊ नकोस. माझे कान आता नावापुरते उरलेत. मी आपली हो हो म्हणते, आणि तू तिकडे काय विचारलंस ते देवाला माहीत. पत्र लिहीत जा. तुला मियाझाकीच्या उन्हात दुसरं काम तरी काय आहे?

गेल्या रविवारी आम्ही रस्त्याच्या कडेने लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या. बाबांच्या वेळी या कामाला घरटी एक माणूस निघायचं, मग सगळे मिळून साके प्यायचे. यंदा आम्ही चौघं-पाचजण होतो, आणि त्यातही मीच तरुण वाटत होते. पण काठ्या हव्यातच. बर्फ पडला की रस्ता कुठे संपला आणि चर कुठे सुरू झाला, हे बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला काठीवाचून कळायचं कसं?

नगरपालिकेचा कागदही आला, दर वर्षीचाच. गाडी गेल्यावर छपरावरचा बर्फ रस्त्यावर लोटू नका. गाडीने आपल्या दारापुढे रचलेला बर्फाचा बांध आपण काढा. शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याही दारापुढचा काढा. शेवटचं वाचून मला हसूच आलं. इथे म्हातारं नाही कोण?

समोरच्या यासुजीने तो कागद नक्की शेगडीत घातला असणार. अकरा वर्षांपूर्वी त्याने छपरावरचा सगळा बर्फ रस्त्यावर लोटला, त्यात गाडी रुतली, आणि तो कुणाचा बर्फ हे मी चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून तो मला बघितलं की मान फिरवतो. मीही फिरवते. फिरवून फिरवून आमच्या दोघांच्या माना चांगल्या मोकळ्या झाल्यात.

काठ्या रोवताना माझी कंबर जरा धरली. काही विशेष नाही. पण तू कुणाला लिहूनबिहून कळवू नकोस. बर्फ आहे तो माझ्या दारापुढचा, तो मीच काढीन. उपकार घेऊन जगायची सवय मला नाही, आणि या वयात लागायचीही नाही.

तुझी ताई,
तोशिए

•

मियाझाकी,
२६ नोव्हेंबर

यासुजी,

किती वर्षांनी तुला पत्र लिहितोय ते मोजत नाही, लाज वाटेल. आपण शाळेत एका बाकावर बसायचो, तेवढ्या ओळखीवर लिहितो.

ताईची कंबर धरली आहे. ती "काही विशेष नाही" म्हणते, म्हणजे विशेष आहे. बर्फाची गाडी पहाटे रस्ता साफ करते आणि तो सगळा बर्फ दोन्ही बाजूंच्या दारांपुढे रचून जाते. तो बांध किती कडक असतो ते तुला मी सांगायला नको. दाजी होते तोवर मला काळजी नव्हती. तो माणूस घरजावई म्हणून आला आणि माझ्या वाटणीचा बर्फ त्याने जन्मभर काढला. मुलगा मी होतो. घर माझं, बर्फ माझा, आणि मी इथे जानेवारीत नुसत्या सदऱ्यावर हिंडतो. हे मनातून जात नाही.

तर एक मागणं आहे. गाडी गेली की ताई उठायच्या आत तिच्या दारापुढचा बांध काढून टाकशील का? तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती तो बर्फ परत आणून रचेल. तुमचं बोलणं नाही हे मला माहीत आहे, आणि म्हणून तर तुलाच लिहितोय. सगळ्या जगाचा संशय येईल, तेव्हाही तिला तुझा येणार नाही.

इसाओ

•

कामिसावा,
३ डिसेंबर

इसाओ,

पत्र पोचलं. तुझ्या बहिणीसारखी कटकटी बाई मी दुसरी बघितली नाही. काढतो. पहाटे मी तसाही जागा असतो.

संत्री पाठवू नकोस. माझ्या दारात पेटी दिसली की तिला लगेच वास येईल.

सुगावारा यासुजी

•

कामिसावा,
२९ डिसेंबर

इसाओ,

इथे चोरी चालू आहे. माझ्या दारापुढचा बांध रोज चोरीला जातोय.

थट्टा करत नाही मी. सकाळी फावडं घेऊन दार उघडते, तर समोर लख्ख! नुसता काढलेला नाही, वर झाडू मारलेला. कडा अशा सरळ, की टोफूची वडी सुरीने कापावी. आधी वाटलं, गाडीवाला हातानो माझ्या दारापुढे आला की पातं उचलत असेल. त्याला रस्त्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, "आजी, मी पातं उचललं तर पुढच्या मात्सुएकाकू मला जिवंत सोडतील का? मग त्यांच्याही दारापुढे उचलावं लागेल, आणि मग बर्फ काय घरी न्यायचा?"

मग मनात आलं, तुझे दाजीच येत असतील. पण जिवंतपणी जो माणूस चार हाका मारल्याशिवाय उठला नाही, तो मेल्यावर पहाटे फावडं घेऊन येईल, हे काही पटत नाही.

मला राग आलाय. रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडावं आणि करायला काही नसावं, याला काय अर्थ आहे? माणसाला आपलं काम तरी आपलं असू द्यावं. आता वरच्या खोलीच्या खिडकीत बसून पाळत ठेवणार आहे. चोर सापडला की कळवते.

नववर्षाच्या शेवया एकटीनेच खाईन. तुझ्याही घरात आता दुसरं कुणी नाही, तेव्हा तूही एकटाच खा.

तोशिए

•

मियाझाकी,
७ जानेवारी

ताई,

नववर्षाचा नमस्कार. शेवया खाल्ल्या. तुझी आठवण काढत खाल्ल्या, म्हणून एकट्याने खाल्ल्यासारखं वाटलं नाही.

चोराचं ऐकून हसलो. इतका गुणी चोर मिळाला आहे तर पकडतेस कशाला? करतंय कुणी, तर करू दे. कंबरेला तेवढाच आराम. पुढच्या हिवाळ्यात तू इकडेच ये, असं मी दर वर्षी लिहितो आणि तू दर वर्षी ती ओळ वाचलीच नाही असं दाखवतेस. या वर्षीही लिहिली आहे.

पाळत ठेवताना खिडकी उघडून बसू नकोस, सर्दी होईल.

इसाओ

•

कामिसावा,
२० जानेवारी

इसाओ,

चोर सापडला. तू आधी नीट बस, मग पुढचं वाच.

यासुजी!

होय, समोरचा यासुजी. पहाटे गाडी येते तेव्हा मला ऐकू येत नाही, पण जमीन थरथरते, तेवढ्याने मी उठले. गोधडी पांघरून खिडकीशी बसले. गाडी पुढे गेली तसा तो रस्ता ओलांडून आला, तीच कानांवर ओढलेली वाकडी टोपी. मला वाटलं, आता हा मेला माझ्या दारात आणखी बर्फ टाकणार. तर त्याने आमच्या दारापुढचा बांध काढायला घेतला. आधी माझा, त्याचा स्वतःचा तसाच. मध्येमध्ये थांबून गुडघा चोळत होता. त्याचाही गुडघा गेलाय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कसं असणार? मी मान फिरवत होते ना!

इसाओ, मी तिथे बसून रडले. तुझे दाजी गेल्यापासून इतकी रडले नव्हते. अकरा वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली, आणि तो काही न बोलता, कुणी न सांगता, मनाने हे करत होता. माणसाला असं ओळखायला आपण किती उशीर करतो.

आता मी काय केलं ते ऐक. धुरावर वाळवून मुरवलेला मुळा एका वाडग्यात घातला आणि पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊन पालथा घातलेला. तेव्हापासून रोज हेच चाललंय. मी मुळा ठेवते, तो वाडगा धुऊन ठेवतो. तोंडाने एक अक्षर नाही. या वयात हे काय चाललंय म्हणून मला एकटीलाच हसू येतं.

पण यात एक अडचण आहे. तू गेल्यानंतरची पद्धत आहे, तुला माहीत नसेल. नऊच्या सुमारास हातानो गाडी घेऊन परततो, तेव्हा एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या दाराकडे बघत जातो. बांध काढलेला दिसला म्हणजे माणूस उठलंय, हिंडतंय. मग हात करतो आणि पुढे जातो. बांध तसाच दिसला तर खाली उतरून दार ठोकतो. मात्सुएकाकू न्हाणीघरात पडल्या होत्या, तेव्हा अशाच वाचल्या. आता यासुजी माझा बांध काढतो, म्हणजे मी असले काय नि नसले काय, हातानोला मी रोज ठणठणीत!

तेव्हा यासुजीला सांगायला हवं की बाबा, वीतभर तरी माझ्यासाठी ठेव, तेवढा मी काढीन. पण अकरा वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडायचं, ते काय "बर्फ ठेव" म्हणून? त्याला वाटेल, म्हातारी पुन्हा खोड काढायला लागली. चार दिवस जाऊ देत. बर्फ विरघळायला लागला की त्याला चहाला बोलावते आणि तेव्हा सगळंच बोलते. इतकी वर्षं थांबलो, आता आणखी थोडं.

तुझी
तोशिए

•

मियाझाकी,
२ फेब्रुवारी

यासुजी,

हे पत्र वाचल्याबरोबर एक काम कर. ताईच्या दारापुढचा बांध सगळा काढू नकोस. वीतभर, पायरीला लागून, तिच्यासाठी ठेव. हातानो तो बघतो आणि त्यावरून ती बरी आहे हे ओळखतो, असं ताईने लिहिलंय.

तिने तुला बघितलं आहे. तिचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. पण तिला वाटतंय की तू हे आपल्या मनाने करतोस, आणि ते वाचून इतका आनंद तिच्या पत्रात मी कधी बघितला नव्हता. तुला लिहिलं तर तू जाऊन तिच्याशी बोलशील, आणि बोलता बोलता माझं नाव निघेल, अशी धास्ती वाटली. रोज उद्या लिहू म्हणत राहिलो. आज टीव्हीवर तुमच्याकडचा बर्फ दाखवला, तेव्हा मात्र राहवेना.

माझं नाव काढू नकोस. नुसता वीतभर ठेव.

इसाओ

•

कामिसावा,
१९ फेब्रुवारी

इसाओ,

तू आलास, चार दिवस राहिलास, अस्थी घेऊन गेलास. त्या चार दिवसांत मी तुझ्या समोर आलो नाही. मागच्या रांगेत उभा राहिलो आणि निघून गेलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. म्हणून लिहितो. मला लिहिता येत नाही, तरी लिहितो.

पाच तारखेला संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पडली असणार. सहाला पहाटे मी बांध काढला. पायरीवर मुळ्याचा वाडगा नव्हता. मला वाटलं, मुळा संपला असेल. स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. खालच्या खिडक्यांना हिवाळ्यात फळ्या असतात, वरच्या झरोक्यातून उजेड येतो तेवढाच. दिवा आहे म्हणजे बाई आहे, असं म्हणून मी घरी आलो. नऊला हातानोने तिच्या दाराकडे बघून हात केला आणि तो पुढे गेला. मी माझ्या खिडकीतून बघितलं.

सातला पहाटे पुन्हा काढला. पुन्हा वाडगा नाही. पुन्हा दिवा. हातानोने पुन्हा हात केला.

हातानो बघतो हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मला वाटलं, मी स्वतः रोज तिच्या दारात उभा राहतो, तिथे हातानोने बघायची काय गरज? दार ठोकायला हात उचलला होता. पण काय म्हणून ठोकू? मुळा का नाही ठेवलास म्हणून? अकरा वर्षांनी दार ठोकून मुळा मागायचा? मी मागे फिरलो.

दुपारी पोस्टमन आला. बर्फामुळे तुझं पत्र अडकलं होतं. मी दारात उभ्यानेच वाचलं. वाचता वाचता समोर बघितलं, तर तिच्या दारापुढे मीच झाडू मारलेला रस्ता.

दार तोडून आत गेलो. शेगडी विझली होती. ती फरशीवर पडलेली, ओठ निळे. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघितलं तिने. मग माझ्या पायांकडे बघितलं. मी घाईत तसाच शिरलो होतो, सगळ्या घरात बर्फ आणि चिखल. मला म्हणाली, "बूट काढ."

बूट काढले मी. हातानोची गाडी बोलावली, रुग्णवाहिका वर येईना म्हणून. त्याने तिला खालपर्यंत नेलं. सबंध वाटेत तो रडत गाडी हाकत होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली, पुढे बोललीच नाही. माझ्याशी अकरा वर्षांनी बोलली ते एवढंच.

मी बांध काढला नसता तर ती वाचली असती. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सुगावारा यासुजी

•

मियाझाकी,
१२ मार्च

यासुजी,

तुझं पत्र रोज वाचतो. तू बांध काढलास तो मी सांगितला म्हणून. आणि तो थांबवायचा कधी, ते मला ठाऊक असून मी बसून राहिलो. तिचं पत्र इथे फुलदाणीखाली पडलं होतं. त्याच दिवशी लिहिलं असतं तर तुला वेळेवर मिळालं असतं. तेव्हा दोष घेऊन बसायचं असेल तर आधी मी बसलोय, तिथे जागा नाही.

तिचं वीस जानेवारीचं पत्र सोबत पाठवतो. ते तुझ्याबद्दल आहे, तुझ्याकडे असलेलं बरं. वाचताना तुला त्रास होईल. तिला वाटत राहिलं की तू मनाने करतोस, आणि मी तिला खरं सांगितलं नाही. माझ्या बहिणीचा शेवटचा आनंद मी रचलेल्या खोट्यावर उभा होता, हे मला सारखं बोचतं. ती ज्या माणसासाठी रडली, तो माणूस खरा नव्हताच असं वाटतं.

इसाओ

•

कामिसावा,
५ एप्रिल

इसाओ,

तिचं पत्र वाचलं. बाहेर जाऊन बसलो, मग पुन्हा वाचलं. माझ्या टोपीला वाकडी म्हणते.

तू चुकतोयस. एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. तुझे दाजी गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती एकटी तो बांध काढायची, आणि मी माझ्या दारात फावडं घेऊन उभा राहायचो. रोज वाटायचं, जावं. रस्ता केवढासा तो. पण ती हाकलून देईल, चारचौघांत सांगेल, असं वाटून पाय उचलायचा नाही. असे हिवाळे गेले. मग तुझं पत्र आलं. मी ते खिशात घालून गेलो पहिल्या दिवशी, तिने पकडलं तर दाखवता यावं म्हणून. म्हणायचं, तुझ्या भावाने सांगितलंय, मला काही पडलेली नाही.

तेव्हा तिने जे ओळखलं ते बरोबर होतं. तुझं पत्र हे माझं निमित्त. तुला खोटं वाटलं ते खोटं नव्हतं.

बर्फ उतरतीला लागलाय. चहाचे दिवस हेच. मुळ्याचा वाडगा माझ्याकडेच राहिला आहे. शेवटचा, धुतलेला. तो परत ठेवायला दार नाही.

सुगावारा यासुजी

•

मियाझाकी,
१० ऑक्टोबर

यासुजी,

इथलं घर मुलीच्या हवाली केलं. कामिसावाला येतोय, राहायला. मुलगी म्हणते बाबांना वेड लागलं, या वयात लोक बर्फातून पळून येतात आणि हे बर्फात चाललेत. तिला म्हटलं, माझ्या वाटणीचा बर्फ फार वर्षं पडून राहिलाय.

काठ्या रोवायच्या दिवसापर्यंत पोचेन. फावडं धरायची सवय गेली आहे, हसू नकोस. आणि माझ्या दारापुढचा बांध मीच काढणार, तू हात लावू नकोस.

इसाओ

•

कामिसावा,
१८ ऑक्टोबर

इसाओ,

ये. तुमच्या घराची दारं-खिडक्या मी उघडून वारा दिलाय. तोडलेलं दार बसवून घेतलं. तुझी काठी दाराच्या उजव्या बाजूला रोवू, चर तिथेच आहे.

हातानोला सांगितलं आहे की या वर्षीही त्या घराकडे बघत जा. नुसतं बघू नकोस, थांबत जा म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, मी आता सगळ्यांच्याच दारात थांबतो."

मुळा घालायला शीक. मुळ्याला धूर द्यायची तिची भट्टी अजून शाबूत आहे. वाडगा मी आणून देतो, आल्या दिवशीच.

बांधाला मी हात लावणार नाही. पण नऊपर्यंत तो तसाच दिसला, तर हातानोची वाट बघणार नाही. दार तोडून आत येईन. आणि तुझ्या ताईची शपथ, बूट काढणार नाही.

यासुजी